दोन घागरी

फ्लेक्सवाल्या पोरानं मोबाइल पुढं धरला. "काका, डाग काढून टाकला बघा."

चुलत वहिनी गेल्या. दहाव्याच्या फ्लेक्सला त्यांचा एकटीचा असा एकच फोटो निघाला, ब्लॅक अँड व्हाइट, १९८६ च्या उन्हाळ्यात हसनाबादला आमच्याच घरात धुतलेला. खांद्यापासून पदरापर्यंत चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग. पोरानं तो बोटानं पुसला होता. मी "बरं" म्हणालो आणि पैसे न देताच निघालो. त्यानं हाक मारून थांबवलं.

अण्णांची डार्करूम म्हणजे आमचं बळद. खिडकी नाही, ज्वारी संपलेली, लाल झिरोचा बल्ब. डेव्हलपर, साधं पाणी, हायपो असे तीन थाळे. हायपोचा चिमटा डेव्हलपरमध्ये गेला की अण्णा हातावर फटका द्यायचे. आपण रोल 'धुवायला' टाकतो म्हणतो, पण फोटो खरा धुवायचा असतो तो हायपोनंतर. कागदात हायपो मुरून राहिला की त्यातलं गंधक हळूहळू चांदीला धरतं. फोटो त्या दिवशी स्वच्छ दिसतो. डाग वर्षा-दोन वर्षांनी वर येतो.

आणि पाणी तर नव्हतंच. आड आटलेला. माय बळदाच्या दाराशी घागरी मोजून ठेवायची. "दोनच. फोटू काय पाणी पितेत का?"

अण्णांनी मला हिशोब घालून दिला होता : थोडं पाणी ओतायचं, पाच मिनिटं फोटो हलवायचे, ओतून द्यायचं, असं बारा वेळा. मी तीनदा केलं. बळदात अंगाची लाही होत होती. उरलेली दीड घागर परसात नेऊन डोक्यावर ओतून घेतली. तसा गारवा पुन्हा कधी मिळाला नाही, हेही सांगून टाकतो.

हायपोनं चित्र कागदावर टिकतं, हे जॉन हर्शेलमुळं १८३९ पासून सगळ्यांना ठाऊक झालं. आमच्याकडं ही विद्या फार उशिरा आली म्हणावं, तर शेजारी अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल १८६४ च्या आधीच कॅमेरा घेऊन लेण्यांत उभा होता. काचेवर ओला लेप द्यायचा, तो वाळायच्या आत फोटो घेऊन काच धुवायची. त्याची वर्षानुवर्षं खपून केलेली रंगीत चित्रं बहुतेक सगळी १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेली, फोटो राहिले. पण अजिंठा म्हटलं की लोक विचारणार गिलच्या प्रेयसीचं, पारोचं. सिनेमाही तिच्यावरच. त्या माणसानं उन्हात काचा धुवायला पाणी कुठून आणलं, हे आजवर एकानंही विचारलेलं नाही, आणि याचा मला उगाचच राग येतो.

त्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी गिऱ्हाइकं एकेक करून डाग घेऊन आली. अण्णा हादरले. आधी हायपोवर संशय : थकला असेल, म्हणून नवा कालवून ताजा प्रिंट काढला. तो स्वच्छ. मग बोटं हुंगून पाहिली. मग कागदाचं पाकीट उजेडात उघडलं गेलं का, म्हणून मला विचारलं. शेवटी विहिरीत टाकतात ते पोटॅशियम परमँगनेट आणलं. पेल्यात जेमतेम जांभळं पाणी केलं, डागाळलेला फोटो साध्या पाण्यात भिजवला आणि त्याच्या कोपऱ्यावरून निथळणारं पाणी थेंब थेंब पेल्यात सोडलं. जांभळा रंग उडाला. म्हणजे हायपो आतच होता.

"धुतलेच नाहीत," अण्णा म्हणाले. प्रश्न नव्हता तो. मी पेल्याकडंच बघत राहिलो.

माय चुलीपुढून उठली नाही. "त्या दिशी म्याच एक घागर कमी दिली व्हती," म्हणाली.

ओले केस घेऊन मी परसातून आलो, तेव्हा ती दारातच बसलेली होती. अण्णा तिच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.