गिरगाव ते रे रोड, व्हाया सागवान

गिरगावात आता मेट्रोचं स्टेशन आहे, पण आत्याच्या घरी जायला अजून लाकडी जिनाच चढावा लागतो. त्यातली नववी पायरी कुरकुरते. कोण वर येतंय ते त्या आवाजावरून ओळखायचं, हा आत्याचा फंडा. आत्या पंच्याहत्तरीची, एकटी, आणि पागडीच्या दहा बाय बाराच्या खोलीत एकदम खूश. म्हणजे होती, गेल्या श्रावणात लादीवर घसरेपर्यंत.

मोडलं-बिडलं काही नाही. पण आम्ही भाचरं हादरलो. लादी मध्ये चक्क खोलगट झाली होती. पाणी सांडलं की थेट पलंगाखाली तळं! भावाने लगेच व्हिट्रिफाइडच्या टाइल्स सुचवल्या. माझ्या पर्समध्ये लॅमिनेटचं गुळगुळीत कॅटलॉग तयारच होतं (लाइफस्टाइलवर लिहिणाऱ्यांचा हा व्यावसायिक आजार). आमच्या दोघांच्या उत्साहावर पाणी ओतलं ते मिस्त्रींनी. ते वर आलेच नाहीत. आधी खालच्या मजल्यावरच्या काकांकडे गेले आणि मान वर करून छत बघत बसले.

आमची वरची जमीन म्हणजे काकांचं छत. सागवानी तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर कोबा आणि त्यावर सत्तरच्या दशकात हौसेने बसवलेली मोझेकची लादी. मिस्त्रींनी हिशोब मांडला. एवढ्या खोलीत लादी आणि तिच्याखालचा माल मिळून दीड टनाच्या आसपास वजन. म्हणजे दोन मारुती आठशे डोक्यावर घेऊन त्या तुळया पन्नास वर्षं उभ्या आहेत. ''आणि तुम्ही अजून टाइल चढवणार?'' भाऊ गप्प. पाऊण इंची सागाच्या फळ्या टाकल्या तर खालच्या पट्ट्यांसकट पावणेदोनशे किलोंत काम होतं. तेव्हा जुन्या घरात लाकडी फ्लोअरिंग हे श्रीमंती चोचले, हा माझा समज तिथेच गळाला. मोरीशेजारच्या तुळईत मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तर तो लोण्यात जावा तसा आत गेला. भिंतीत घुसलेलं टोक ओल लागून कुजलेलं. लगेच स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलावलं, मालकाची लेखी परवानगी काढली, तुळईला लोखंडी चॅनलचा आधार दिला. यात दीड महिना आणि बजेटचा मोठा भाग गेला. जुन्या घरात फळ्या निवडण्याआधी हा खर्च धराच. नाहीतर वर चकाचक, खाली राम भरोसे!

मग उरला तो मजेचा भाग. लाकूड कुठून आणायचं? साडेसात घनफूट लागणार, रंध्यात आणि कापण्यात जाणारं धरून दहा. सँडहर्स्ट रोडला वरच्या प्लॅटफॉर्मवरून हार्बर पकडायची, डॉकयार्ड रोड सोडून रे रोडला उतरायचं. तिथून भायखळ्याच्या दिशेने मुस्तफा बाजार. मॉलच्या एसीत वाढलेल्यांनी एकदा तरी इथे यावं. करवतीचा आवाज, नाकात भुसा, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या दुप्पट उंचीच्या थप्प्या. नवं लाकूड आहेच, पण मिस्त्री मला घेऊन गेले ते जुन्या मालाकडे. पाडलेल्या इमारतींच्या तुळया, कठडे, अख्खी दारं. एका चौकटीवर तोरणाचा खिळासुद्धा तसाच होता.

दुकानदाराने एका काळवंडलेल्या तुळईवर लोहचुंबक फिरवलं. आत राहिलेला खिळा करवतीचं पातं मोडतो म्हणे. मग एक टोक कापून दाखवलं. आत मधासारखा पिवळा रंग आणि चामड्यासारखा वास. ''बर्मा टीक. गिरगाव का ही माल है, मॅडम!'' खरंखोटं त्यालाच ठाऊक. पण माझ्या डोक्यात रत्नागिरीचा थिबा पॅलेस चमकून गेला. मुंबईत १८६३ साली निघालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला सागाच्या ओंडक्यांवरून थिबा राजाच्या दरबाराने जबर दंड ठोठावला. इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं. १८८५च्या नोव्हेंबरात मंडाले पडलं आणि राजाची रवानगी झाली आपल्या कोकणात. तिथेच तो १९१६ साली गेला. शाळेच्या सहलीत तो वाडा बघताना मी भेळ खात होते. लाकूड आणि राजा एकाच किनाऱ्यावर येऊन पडले, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

तुळया तिथेच चिरून घेतल्या. फळ्या घरी आल्या त्या दिवाळीनंतर, आणि पंधरा दिवस नुसत्या खोलीत पडून राहिल्या. लाकडाला घरची हवा लागू द्यायची. भर पावसात बसवल्या तर उन्हाळ्यात फटी पडतात, कडक उन्हाळ्यात बसवल्या तर पावसाळ्यात फुगून उचलतात. म्हणून भिंतीकडेनेही अर्धा इंच जागा सोडून वर पट्टी मारली. भावाचा एकच प्रश्न होता : उद्या बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर? आत्याने परस्पर निकाल लावला. ''खिळे नको, स्क्रू मारा. जाताना उचलून नेईन.''

फळ्या बसून आठवडा झाला आणि खालचे काका दारात! लादी असताना काही कळायचं नाही, आता पाऊल न पाऊल ऐकू येतं म्हणाले. माझा चेहरा पडला. फळ्यांखाली जाड नमदा घालायचं आम्ही पैसे वाचवायला टाळलं होतं. तरी मी म्हटलं, अजून घालता येईल, स्क्रूच तर आहेत.

''नको, राहू दे,'' काका म्हणाले. ''साडेपाचला ही उठते ते कळतं. परवा सहा वाजले तरी आवाज नाही, म्हणून वर आलो. तर ही पलंगावर बसून पेपर वाचतेय.''

''रविवार होता,'' आत्या म्हणाली आणि चहा टाकायला उठली.