निम्म्या कुलकर्णी

‘एकही सापडले नाही’ असं लॅपटॉपनं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

लेख आमच्या जुन्या चाळीवरचा, दिवाळी अंकासाठी. चाळीवरचे लेख सगळ्यांनीच वाचलेत, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. त्यात एक काकू होत्या, त्यांची भिशी होती आणि त्यांच्या नवऱ्याची दारू होती. छापताना आडनाव बदलायचं हे आधीच ठरलेलं. पण खरं नाव असल्याशिवाय मला माणूस दिसत नाही, म्हणून लेख हातावेगळा होईपर्यंत तेच ठेवलं. इथेही सांगणार नाही. त्यात ‘बिऱ्हाड’मधला ‘ऱ्ह’ आहे, एवढं पुरे.

सकाळी डोंबिवलीच्या फास्ट लोकलमध्ये मोबाइलवर लिहायचो, रात्री घरी लॅपटॉपवर. फाइल क्लाउडवर. वाटेत कुठेतरी नेटवर्क जायचं आणि ठाणं येईपर्यंत अडकलेली वाक्यं आपोआप वर चढायची. पूर्वी पेनड्राइव्ह खिशात घेऊन हिंडायचो, त्यापेक्षा हे सुखच. ड्रॉपबॉक्स काढणारा ड्रू ह्यूस्टनसुद्धा बोस्टनहून न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसल्यावर पेनड्राइव्ह घरीच राहिल्याचं लक्षात येऊन वैतागला आणि तिथेच कामाला लागला, असं तो सांगतो.

शेवटच्या रात्री लॅपटॉपवर ‘शोधा आणि बदला’ दिलं. खऱ्या आडनावाच्या जागी कुलकर्णी. कुलकर्णी ढिगानं असतात, कुणाला लागत नाही. खात्रीसाठी जुनं आडनाव पुन्हा शोधलं, तेव्हा ते वरचं उत्तर मिळालं. लिंक संपादकांना पाठवली आणि झोपलो.

अंक आला. एका परिच्छेदात कुलकर्णीकाकू भिशीचे पैसे मोजतायत आणि पुढच्यात खऱ्या आडनावाच्या काकू झिंगलेल्या नवऱ्याला दंडाला धरून जिन्यावरून वर आणतायत.

भाचा हिंजवडीला आयटीत नोकरीला आहे. त्यानं दोन्ही ठिकाणचं आडनाव उचलून अक्षरांचे क्रमांक काढून दाखवले. युनिकोडमध्ये हा ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ०९३१ क्रमांकाचा स्वतंत्र ‘ऱ’, त्याला हलन्त, मग ‘ह’. दुसऱ्यात ०९३० चा साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, मग ‘ह’. पडद्यावर डोळे फाडून बघितलं तरी फरक दिसत नाही. माझ्या मोबाइलचा कळफलक एक तऱ्हा वापरत होता, लॅपटॉपचा दुसरी. लॅपटॉपनं फक्त आपल्या हातची नावं शोधली. भिशी मी रात्री निवांत लिहिली होती. दारूचं सगळं लोकलमध्ये, मोबाइलवर. म्हणजे जे झाकायचं तेच उघडं राहिलं. क्लाउडला बोल लावावा तर त्यानं दोन्ही ‘ऱ्ह’ इमानेइतबारे जसेच्या तसे पोचवले होते.

संपादकांना फोन केला. “फाइल तुमचीच होती.” प्रूफ का नाही पाठवलं? “अहो, लिंक होती ना तुमच्याकडे. छपाईला जाईपर्यंत केव्हाही दुरुस्त करता आलं असतं.” खरी मेख इथे आहे. पूर्वी घरी प्रूफ यायचं, ते वाचणं हे कुणाचं तरी काम असायचं. आता फाइल सगळ्यांसाठी सदैव उघडी, म्हणून शेवटचं वाचन कुणाचंच नाही. आणि वर ऐकवणार, केव्हाही दुरुस्त करता आलं असतं! संपादकांचा हा युक्तिवाद मी पुढे ज्याला-त्याला ऐकवला आणि कुणालाही त्यात अन्याय दिसला नाही. उपाय तसा सोपा आहे: मराठीत लिहिणाऱ्यांनी दोन्ही यंत्रांवर एकच कळफलक टाकावा, आणि नाव शोधताना ‘ऱ्ह’ वगळून उरलेला तुकडा शोधावा. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रकारानंतर आठवडाभर, यापुढे कागदावरच लिहीन म्हणत होतो. मग बदलापूरच्या पुढे एका लग्नाला जाताना गाडीत काहीतरी सुचलं, आणि मोबाइलच काढला.

काकूंच्या मुलानं ‘लेख ताबडतोब काढून टाका’ असा निरोप पाठवला. छापलेला अंक कुठून काढणार? मी हातापाया पडायच्या तयारीनं काकूंकडे गेलो. त्यांनी अंक वाचला होता, पेन्सिलीनं खुणाही केल्या होत्या.

“दारुड्याची बायको मी, आणि भिशी चालवली त्या कुलकर्णीणीनं?” त्या म्हणाल्या. “अरे, माझं नाव घालायचं तर सगळीकडे घाल ना!”

आता त्यांना सगळीकडे स्वतःचं नाव असलेली प्रत हवी आहे. मुलाला कुठेच नको आहे. फाइल अजून क्लाउडवर आहे, आणि लिंक दोघांनीही मागितली आहे.