खोकल्याला रकाना नव्हता

परवा ओपीडी संपता संपता एक पेशंट आला. विशीतला मुलगा. तो समलिंगी आहे हे मला माहीत आहे, घरी अजून सांगितलेलं नाही. खिशातून घडी केलेला फॉर्म काढून म्हणाला, "डॉक्टर, आमच्यासारख्या लोकांवर संशोधन चाललंय. भरू का हा?"

त्याच्या परवानगीने हा प्रसंग लिहितोय, कारण हा प्रश्न तुमच्यापैकीही कुणाला पडला असेल. उत्तराआधी माझी एक चूक सांगतो.

पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी कोल्हापूर जिल्ह्यात एका सर्वेक्षणात होतो. विषय एचआयव्ही. यल्लम्माची सेवा करणाऱ्या, साडी नेसणाऱ्या जोगत्यांच्या मुलाखती घ्यायच्या होत्या. पहिल्याच प्रश्नाला अडलो: स्त्री की पुरुष? समोरच्या मावशींना न विचारता मीच 'पुरुष' वर खूण केली. पुढचे सगळे प्रश्न लैंगिक संबंधांचे. मावशी पदर तोंडाशी धरून खोकत होत्या. मी लिहीत होतो.

शेवटी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, एवढं समदं इचारलासा, पर माझं दुखणं काय ते इचारलं न्हाईसा."

खोकला दोन महिन्यांचा होता. दवाखान्यात कुठल्या रांगेत उभं राहायचं यावरून हसतात, म्हणून त्या गेल्याच नव्हत्या. थुंकी तपासली, क्षयरोग निघाला. उपचार पूर्ण करून त्या बऱ्या झाल्या. पण माझ्या फॉर्ममध्ये खोकल्याला रकाना नव्हता, हे मी विसरलेलो नाही.

स्त्रीवादी पद्धत म्हणजे काय?

पुष्कळांना वाटतं, स्त्रीवाद म्हणजे फक्त बायकांचा विषय. संशोधनात त्याचा अर्थ साधा आहे. प्रश्न कोण विचारतंय, कुणाच्या सोयीचे विचारतंय आणि उत्तरांचा फायदा कुणाला, हे आधी तपासायचं. समोरचा माणूस म्हणजे 'नमुना' नव्हे; स्वतःच्या आयुष्याची सर्वांत जास्त माहिती त्यालाच असते.

एक उदाहरण देतो. आपल्याकडे एचआयव्हीमुळे समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यावर बरंच संशोधन झालं. समलैंगिक स्त्रिया आणि ट्रान्स पुरुष त्यातून सुटले. त्यांना त्रास नव्हता असं नाही, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. १९९५ मध्ये 'स्त्री संगम' नावाने सुरू झालेल्या मुंबईच्या 'लेबिया' गटाने हे काम हाती घेतलं. जन्मतः मुलगी ठरवल्या गेलेल्या ५० व्यक्तींच्या जीवनकथा ऐकून २०१३ मध्ये अहवाल काढला. ऐकणारे त्याच समूहातले होते. खुणा करायला लावण्याऐवजी त्यांनी घर, शाळा, नोकरी, प्रेम असं सगळं आयुष्य ऐकून घेतलं.

आपल्या शेजारी सांगलीत 'संग्राम' संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांनीही हेच दाखवून दिलं. आपल्या वस्तीतलं एचआयव्ही प्रतिबंधाचं काम या बायका स्वतः करू लागल्या. ज्यांचा प्रश्न, त्यांचाच पुढाकार.

फॉर्म भरण्याआधी हे विचारा

१. माहितीपत्रक मराठीत आहे का? समजलं नाही तर सही करू नका.

२. नैतिक समितीची मंजुरी आहे का? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती लागतेच.

३. नाव, फोन नंबर कुठे ठेवणार? कोण पाहणार?

४. मधेच थांबलो तर चालेल का? चाललंच पाहिजे. त्यामुळे तुमचे उपचार कुणी थांबवू शकत नाही.

५. निष्कर्ष आम्हाला परत येऊन सांगणार का?

आणि कुणी संशोधनाच्या नावाखाली 'तुम्हाला बरं करतो' म्हणालं, तर तिथून उठा. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच ती आजारांच्या यादीतून काढली आहे.

त्या मुलाने फॉर्म माझ्यासमोरच वाचला. संपर्कासाठी घरचा पत्ता मागितला होता. "हा रिकामा ठेवतो आणि आधी त्यांना फोन करून विचारतो," म्हणाला. मी म्हटलं, बरोबर.

आणि हो, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. रांग कुठलीही असो.