कडप्प्यावरचे डाग

शाळेची प्रयोगशाळा तपासायला गेलं की आधी जडवस्तू नोंदवही पुढे येते. ती मी सावकाश बघतो. पहिल्यांदा ओट्यावरून हात फिरवतो. आपल्याकडे बऱ्याच शाळांत ओटा कडप्प्याचा असतो. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. त्यावर आम्ल सांडलं की फेस येतो, झिलई जाते आणि पांढुरका, खरखरीत डाग उरतो. तो कितीही घासला तरी निघत नाही. बेसिनजवळ, बर्नरच्या आसपास असे डाग दिसले की मला बरं वाटतं. इथे मुलं स्वतः प्रयोग करतात. वर्षानुवर्षं लखलखीत राहिलेला कडप्पा पाहिला की काळजी वाटते. (नवा ओटा करणार असाल तर ग्रॅनाइट घाला, हे मात्र प्रत्येक अहवालात लिहितो.)

मग रसायनांचं कपाट. बाटल्यांच्या खांद्यांवर पांढरी भुकटी साचलेली असेल तर समजावं, अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी शेजारी ठेवलंय. बुचांतून निसटलेल्या वाफा एकमेकींना भेटतात आणि नवसागर तयार होतो. ही भुकटी आणखी एक गोष्ट सांगते : या कोपऱ्यात हवा खेळत नाही. गंजाचं तसं नाही. कोकणात पावसाळ्यात बिजागऱ्या नुसत्या दमट हवेनंही गंजतात, त्यामुळे तिथे मी लगेच आम्लाला दोष देत नाही. देशावरच्या कोरड्या गावात कपाटाचं कुलूप गंजून धरलं असेल, तर पहिला संशय आम्लाच्या वाफांवरच.

एक्झॉस्ट फॅन बहुधा छतालगत असतो. बर्नरला एलपीजी असेल तर तेवढ्यावर भागत नाही. हा वायू हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत पसरतो. त्याला बाहेर जायला खालीच जाळी हवी.

कुठला प्लग ठिणग्या टाकतो, कुठलं बेसिन तुंबतं, हे नोंदवहीत सापडत नाही. त्यासाठी परिचरांना गाठावं लागतं. “मामा, जरा दाखवा बरं,” म्हटलं की ते थेट तिथेच नेऊन उभं करतात. त्यांच्याइतकी ती खोली कुणालाच ठाऊक नसते.

बाकीच्या दुरुस्त्यांना शाळेच्या ऐपतीप्रमाणे मुदत देतो. दुसऱ्या दाराला टेकवलेलं कपाट मात्र मी तिथे असतानाच हलवायला लावतो.