माशाच्या डोळ्याचे भिंग

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारचे ग्रंथवाचन आटोपून आम्ही विहारातून घरी आलो, हातपाय धुऊन जेवायला बसलो. धाकटी लेक वाढता वाढता म्हणाली, "पप्पा, पतपेढीतली आपली रिकरिंग केव्हा सुटते?" असा प्रश्न आमच्या घरात कोणी उगीच विचारत नाही. "काय घ्यायचंय?" आम्ही विचारले. "फिशआय लेन्स." तिची आई गॅसपाशी होती. ती म्हणाली, "इथं सुरमई परवडत नाही, आणि ही माशाचा डोळा मागते!"

किंमत ऐकून आमचा घास तोंडातच राहिला. तिने सांगितलेली नवी लेन्स आमच्या हातात पडणाऱ्या महिन्याच्या पगाराहून महाग होती. बी.कॉम. झालेल्या कारकुनाला वस्तूची किंमत आधी कळते, उपयोग मागाहून. नाही म्हणणे सोपे होते. परंतु वीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलामुलींना 'पुढे व्हा' म्हणून भाषणे द्यायची आणि घरच्या लेकीने काही मागितले की पासबुक उघडून दाखवायचे, हे काही बरे नव्हे. आम्ही म्हटले, "आधी समजावून सांग. मग पाहू."

प्रकार असा होता. विक्रोळीला आमच्या वसाहतीत विहारापुढे कोबा केलेले पटांगण आहे. तिथे संध्याकाळी सात-आठ मुलेमुली चाकांच्या फळीवर उभे राहून खेळतात. त्याला स्केटबोर्डिंग म्हणतात. फळ्या दोनच, त्याही जुन्या, पाळीपाळीने घेतात. 'हा श्रीमंतांच्या पोरांचा खेळ, आपल्याला काय करायचा' असे म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो. पुढे माहिती घेतली तेव्हा मत बदलले. २०२१ साली टोकियोत झालेल्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला आणि मोमिजी निशिया या तेरा वर्षांच्या जपानी मुलीने त्यात सुवर्णपदक घेतले. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने महाराष्ट्राला सुवर्ण मिळवून दिले. आणि मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावी उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली या खेळाचे मैदान बांधले, तिथे नियमच दोन: शाळेत गेल्याशिवाय फळी मिळणार नाही, आणि पहिला मान मुलींचा. त्या गावात आदिवासी आणि यादव मुले एकाच मैदानावर खेळू लागली. तिथली आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये जागतिक स्पर्धेपर्यंत जाऊन आली.

आमची लेक खेळत नाही, फोटो काढते. शिष्यवृत्तीचे पैसे साठवून तिने एक जुना निकॉन डी ५३०० घेतला आहे. अडचण जागेची. पटांगणाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला स्कूटरींची रांग. मागे सरकायला वाव नाही. नेहमीच्या लेन्सने मुलगी हवेत उडालेली दिसते. पण ती कुठल्या पायरीवरून उडाली, कुठे उतरणार, ते चौकटीबाहेर. आणि या खेळात तेच तर पाहायचे असते.

फिशआय म्हणजे माशाचा डोळा. पाण्याखालच्या माशाला वरचे सगळे आकाश एका गोल खिडकीत मावलेले दिसते. रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०६ साली पाण्याने भरलेल्या डब्यात छायाचित्राची काच ठेवून तसे चित्र काढून दाखवले आणि नावही त्यानेच दिले. १९२४ साली इंग्लंडमध्ये रॉबिन हिल यांनी ढगांचा अभ्यास करण्यासाठी सबंध आकाश टिपणारे भिंग बनवले. आभाळासाठी निघालेली ही वस्तू पुढे रस्त्यावरच्या पोरांनी उचलली. सोनीचा १९९५ सालचा व्हीएक्स १००० हा व्हिडिओ कॅमेरा आणि त्यापुढे बसवलेले फुगीर भिंग, ही जोडी स्केटबोर्डवाल्यांची ओळखच झाली.

या भिंगाचा स्वभाव आम्हाला लेकीने चमचा आणि वाटी घेऊन दाखवला. जवळची वस्तू फार मोठी, लांबची एकदम बारीक. चार पावले दूर उभे राहिलात तर माणूस मुंगीएवढा. आम्हाला जयंतीच्या जुन्या अल्बमची आठवण झाली. मंचावरचे पाहुणे मोठे, आणि मागे बसलेल्या बाया म्हणजे नुसते पांढरे ठिपके. कोणाची आई कुठली, ओळखू येत नाही. हे भिंग घेऊन मंचाजवळून फोटो काढला तर त्याहून वाईट अवस्था होईल. त्याला त्या बायांमध्ये जाऊनच बसावे लागेल.

मग आम्ही हिशेबाच्या कागदावर रकाने पाडले.

त्याआधी एक नुकसान झालेच होते. थोरल्याने बहिणीला खूश करायला नेहमीच्या लेन्सवर आटे फिरवून बसवायचे स्वस्त भिंग आणले होते. मधला भाग बरा, कडा मात्र पाण्यात विरघळल्यासारख्या. ते आता कपाटात पडून आहे.

फोर्टात बोरा बाजारात आम्ही दोन शनिवार घालवले. एका दुकानदाराने १६ मिलिमीटरची लेन्स पुढे केली, "साहेब, नावाजलेला माल आहे." माल चांगलाच होता, पण तो मोठ्या, जुन्या फिल्मच्या आकाराच्या पडद्यासाठी. लेकीच्या कॅमेऱ्यातला पडदा त्याहून लहान. त्यावर ती लेन्स कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जेमतेम शंभर-एकशेपाच अंश दाखवते; हवे होते १८०. काही लेन्स काळ्या चौकटीत गोल भाकरीसारखे चित्र देतात. लहान पडद्यावर त्या भाकरीचेही वरचे आणि खालचे तुकडे कापले जातात. सगळी चौकट भरणारी आणि लहान पडद्यासाठीच बनलेली लेन्स पाहायची, एवढे पक्के झाले.

तशी निकॉनची १०.५ मिलिमीटरची होती. ती १४ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते. लेकीचे मन तिच्यावरच होते. पण तिच्यात स्वतःची मोटर नाही, आणि डी ५३०० मध्येही नाही. म्हणजे आपोआप फोकस होण्यासाठी ज्यादा पैसे मोजायचे आणि फोकस हातानेच करायचा! हे कळल्यावर लेक गप्प झाली. टोकिनाची १०-१७ चाही एक जुना नग मिळाला. दुकानदाराकडून विजेरी मागून घेतली आणि आरपार पाहिले, तर आत बुरशीची बारीक जाळी. मुंबईच्या पावसात हे फार होते. जुनी लेन्स घेणाऱ्याने विजेरी सोबतच न्यावी.

शेवटी सॅमयांगची ८ मिलिमीटरची जुनी लेन्स ठरली. फोकस हातानेच करायचा, आणि तिच्या कड्यावर सर्वांत जवळचा आकडा ३० सेंटिमीटर. आम्ही म्हटले, "ही तर त्या दुसरीपेक्षा लांबची झाली." लेक म्हणाली, "पप्पा, एफ/८ ठेवायचं आणि फोकस सव्वा-दीड फुटावर बांधून टाकायचा. मग नऊ इंचांपासून पार लांबपर्यंत सगळं स्वच्छ येतं." हे नऊ इंच कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यापासूनचे, भिंगाच्या काचेपासून म्हणाल तर चार-पाच बोटे. कड्यावरच्या आकड्यांवर मात्र तिने विश्वास ठेवला नाही. घरी भिंतीला वर्तमानपत्र चिकटवून, शिवणाची टेप धरून, खरी खूण स्वतः शोधली. आणखी एक गोष्ट पाहिली: या लेन्समध्ये चिप असलेला नग घेतला. चिप नसती तर डी ५३०० ने उजेड मोजला नसता.

रिकरिंग मोडावी लागली नाही. निम्मे पैसे तिने शिकवण्यांतून घातले, निम्मे आम्ही.

पावसाळा सरला आणि खरी अडचण उभी राहिली. खेळणाऱ्या मुलींपैकी एकीची आई आमच्या दारात आली. "जयभीम भाऊ. तुमची पोरगी जमिनीला कॅमेरा लावून पोरींचे फोटो काढते. हे बरं दिसतं का?" बाईंचा राग खोटा नव्हता. मुलींचे फोटो कोण, कुठून, कशासाठी काढतो, हे आपल्या वस्त्यांना माहीत आहे. ज्यांच्या आज्यांना सावलीचे अंतर सांभाळून चालावे लागले, त्यांच्या नातींना वीतभर अंतरावरून कोणी टिपायचे असेल तर विचारूनच टिपले पाहिजे. लेकीने वाद घातला नाही. "मावशी, तुम्हीच बघा," म्हणून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यातून बाईंना सबंध पटांगण दिसले, विहाराच्या पायऱ्या, पंचशील ध्वज, स्कूटरी, आणि आपली मुलगी. ठरले असे, की त्यांच्या मुलीचा प्रत्येक फोटो आधी त्यांना दाखवायचा आणि त्या नको म्हणतील तो तिथेच पुसायचा.

पहिल्याच संध्याकाळी एक फोटो फार सुरेख आला. चाके अगदी समोर, पायऱ्या डोंगरासारख्या, मुलगी आभाळात. बाई म्हणाल्या, "हा नको." आमच्या पोटात कालवले. लेकीने बटण दाबले आणि पुसला. आम्हाला मध्ये बोलायचे होते, पण बोललो नाही.

धोकाही आहे. या भिंगातून पाहताना फळी लांब वाटते, असते तोंडाशी. म्हणून लेक डोळा लावून फोटो काढत नाही. कॅमेरा खाली धरते आणि फळीकडे उघड्या डोळ्यांनी पाहते. तरी एकदा फळी निसटली आणि लेन्सच्या कडेच्या आवरणावर आदळली. आवरणाला चरा पडला, काच वाचली. फुगीर काचेपुढे साधी रक्षक काच बसत नाही, त्यामुळे ते आवरणच तिची छत्री. खेळणाऱ्यांच्या डोक्यावर हेल्मेट असलेच पाहिजे असा दंडक आम्ही घातला. दोन हेल्मेट समितीने घेऊन दिली.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी बाई स्वतःच पायऱ्यांवर येऊन बसल्या. मुलगी उडाली तेव्हा त्यांचा हात आपसूक पुढे गेला, धरायला गेल्यासारखा, आणि चौकटीच्या कडेला सापडला. कडेला सापडलेले सगळे या भिंगात ताणले जाते. फोटोत तो हात पायरीपासून पार मुलीच्या पायापर्यंत गेला आहे.

बाईंनी फोटो पाहिला, हसल्या. "अगं बया, माझा हात केवढा लांब केलास!"

"हा ठेवू का, मावशी?"

"ठेव. आणि दोन प्रती काढ. एक गावाकडं पाठवायची आहे."