मातीचा नमुना आणि मुलांची चिठ्ठी

खरीप तोंडावर आला की भिवंडी तालुक्यात बांधाबांधाने हिंडायचे आणि माती तपासून घ्या म्हणून सांगायचे, यात माझी बरीचशी नोकरी गेली. नमुना कसा घ्यावा हे आता पुष्कळांना पाठ आहे. उकिरड्याजवळची माती नको, झाडाखालची नको, बांधालगतची नको. शेतात नागमोडी चालत ठिकठिकाणी खड्डे घ्यावेत, वीतभर खोलीपर्यंतची माती गोळा करावी, एकत्र कालवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि असे करीत अर्धा किलो उरली की पिशवीत भरावी. निवडक चांगली माती पाठवली तर अहवाल चांगला येतो, पण पीक फसते.

पोरांच्या प्रकृतीचेही असेच आहे. हे मला सात-आठ वर्षांपूर्वी कळले, तेही जरा उशिराच.

माझी धाकटी मुलगी तेव्हा नववीत होती. तिच्या शाळेत मी मातीपरीक्षणावर बोलायला गेलो होतो. भाषण झाल्यावर वर्गशिक्षिका बाईंनी कागदांचा एक गठ्ठा दाखवला. मुलांच्या आरोग्याची पाहणी म्हणून त्यांनी प्रश्न लिहून दिले होते : सकाळी खाता का, गोळी घेता का, तंबाखू खाता का. सगळ्यांची उत्तरे अगदी गुळगुळीत! सगळे न्याहारी करतात, सगळे गोळी घेतात, तंबाखूला कोणी शिवत नाही. प्रत्येक कागदावर वर नाव आणि हजेरी क्रमांक होता.

मी म्हटले, "बाई, ही उकिरड्याजवळची माती झाली. मातीच्या पिशवीवर नाव लागतेच, पण पोरांच्या कागदावर ते असले की खरे कोण लिहील?"

बाई समजूतदार. आठ दिवसांनी त्यांनी त्याच वर्गाला बिननावाचे कागद दिले आणि खोक्याला चीर पाडून त्यात टाकायला सांगितले. मोजणीला मला बोलावले. कागद उघडू लागलो तशी आमची बोलती बंद झाली. निम्मा वर्ग उपाशीपोटी शाळेत येत होता. निळी गोळी घेतली की मळमळते म्हणून कित्येकींनी ती खिडकीबाहेर टाकली होती. मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या, कारण संडासाच्या दाराला कडी नव्हती. दोघातिघांनी तंबाखूची पुडी दप्तरात असते म्हणून कबूल केले होते.

एका कागदावर लिहिले होते, "चक्कर येते. घरी सांगितले नाही. लावणीचे दिवस आहेत."

त्यातला 'ल' मी ओळखला. तो मीच पाटीवर गिरवून घेतला होता.

खरे म्हणजे ते कागद पालकाच्या हाती यायलाच नको होते. ती चूक माझीही. पण त्या घडीला मनात दुसरेच आले. भाताच्या रोपवाटिकेत कोवळी पाने पिवळी पडली की मी बांधावरून ओळखतो की लोह कमी आहे आणि हिराकस फवारायला सांगतो. आणि घरच्या पोरीचा फिकटलेला चेहरा रोज ताटासमोर बसून मला दिसला नव्हता!

घरी जाऊन तिला विचारावे असे फार वाटले. विचारले नाही. विचारले असते तर त्या वर्गातल्या एकाही पोराने पुन्हा खरे लिहिले नसते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो आणि साऱ्या वर्गाचेच रक्त तपासा, अशी विनंती केली. त्याच आठवड्यात तपासणी झाली. माझ्या मुलीचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. या वयात ते बारा तरी हवे. ती एकटी नव्हती. तिच्या बाकावरच्याही होत्या.

हे फक्त आमच्याच शाळेचे दुखणे नाही. २०१६ ते २०१८ या काळात देशभर घरोघर जाऊन पोषणाची मोठी पाहणी झाली. तीत १० ते १९ वयाच्या दर शंभर मुलींत चाळीस आणि दर शंभर मुलग्यांत अठरा रक्तक्षयाचे निघाले. २०१९ च्या शाळांतील तंबाखू पाहणीत १३ ते १५ वयाचे शंभरात आठ-नऊ विद्यार्थी तंबाखू वापरणारे आढळले. जागतिक आरोग्य संघटना २००३ पासून देशोदेशी अशा शालेय पाहण्या घडवून आणते. रीत तीच : शाळा आणि वर्ग चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडायचे, त्या वर्गातल्या सर्वांना कागद द्यायचा आणि नाव लिहून घ्यायचे नाही. मात्र एक उणीव ध्यानात ठेवावी. वीटभट्टीवर, यंत्रमागावर किंवा गोदामात गेलेले पोर शाळेच्या पाहणीत येत नाही. त्याची चौकशी गावानेच करायची.

नुसता अहवाल आणून फडताळात ठेवला तर जमीन सुधारत नाही. आमच्या शाळेने आधी कडी बसवली. खर्च म्हणाल तर चहापाण्याएवढा! गोळी आठवड्याच्या ठरल्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, बाईंच्या समोर घ्यायची असे ठरले. आठवीपर्यंत शाळेत आहार मिळतो, नववी-दहावीला नाही. म्हणून त्या मुलांनी डबा आणलाच पाहिजे, असे पालकसभेत सांगितले. जंताची गोळीही चुकवू दिली नाही.

आमच्या घरी सकाळची भाकरी झाल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही, असा नेम झाला. नाचणी, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात टाकळा-कुर्डूची भाजी आणि वर लिंबू पिळायचे. जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी शौचाला काळे होते, त्याला घाबरायचे नाही, हेही सौभाग्यवतींना समजावले. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर गेले.

मुलगी आता मोठी झाली. हे लिहू का, असे विचारले तेव्हा ती हसली. म्हणाली, "आप्पा, तुम्ही वाचलेत ते मला तेव्हाच कळले होते. एकाएकी चहा बंद झाला ना! पण तुम्ही बोलला नाहीत, म्हणून पुढच्या वर्षीही मी खरेच लिहिले."

तेव्हा माझे एवढेच सांगणे आहे. पालकसभेला जाल तेव्हा विचारा : आमच्या मुलांना बिननावाचा कागद दिलात काय? आणि त्यातून जे निघाले, त्यावर काय केलेत? आणि घरी लावणी असो की झोडणी, ताटावर बसल्यावर एकदा पोरांच्या तोंडाकडे नीट पाहा.