बॉल गेल्यावर

टीमला शिस्त असली की आळशी खेळाडूही सुधारतो का, असं कोल्हापुरात कुणी विचारलं तर पेठेतला माणूस आधी हसेल आणि मग विचारणाऱ्याला तालमीत नेऊन भिंतीवरचे जुने फोटो दाखवेल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब... इथल्या पोराला टीम निवडावी लागत नाही, ज्या गल्लीत जन्मला तीच त्याची टीम. कुस्तीसाठी उभ्या राहिलेल्या तालमींनी फुटबॉल आपला केला, आणि लाल मातीतली ईर्षा तशीच्या तशी शाहू स्टेडियमवर आली.

अशाच एका तालमीच्या टीमचा सराव मी काही हंगाम घेतला. नाव सांगत नाही. कोल्हापुरात तालमीचं नाव सांगितलं की पुढचं कुणी ऐकत नाही.

आमच्या कमिटीची एक ठाम समजूत होती. दुसऱ्या पेठेतला पायात जादू असलेला पण अंगचोर पोरगा मिळाला की, "घ्या हो, आपल्या तालमीत आला की आपोआप पळंल." असाच एक डावखुरा विंगर आला. बॉल पायात असला की वाघ. बॉल गेला की दोन्ही हात कमरेवर. सकाळच्या सरावाला यायचा, पण उशिरा. मग कठड्यावर बसून बुटाची नाडी बांधायचा. सोडायचा, पुन्हा बांधायचा. धावण्याच्या फेऱ्या संपेपर्यंत त्याची नाडी काही बसत नसे.

हाच पोरगा शाहू स्टेडियमवर पहिली वीस मिनिटं जीव तोडून पळाला. गॅलरी भरलेली, हलगी वाजतेय, आपल्या नावानं आरोळ्या उठतायत म्हटल्यावर कोण पळणार नाही? पेठेच्या ईर्षेनं माणूस बदलतो म्हणणाऱ्यांची इथेच फसगत होते. गॅलरी फक्त बॉल असलेल्या माणसाकडे बघते. बॉल गेल्यावर चाळीस मीटर मागं धावून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवणाऱ्याला कुणी टाळ्या वाजवत नाही. आणि खरी मेहनत तर तिथेच असते.

त्याच्या आळसाची किंमत तो भरत नव्हता. भरत होता त्याच्या मागचा लेफ्ट बॅक, कॉलेजात जाणारा साधा पोरगा. समोरून दोघे चालून यायचे, हा एकटा. गोल झाला की शिव्या यालाच.

मी ओरडून पाहिलं, समजावून पाहिलं. उपयोग झाला तो आमच्या कॅप्टनचा. शिरोलीच्या एमआयडीसीत तिसरी पाळी करून तो थेट मैदानावर यायचा, गाडीच्या हँडलला रिकामा डबा तसाच लटकलेला. सराव संपला की बॉल गोळा करून जाळीत भरायचं काम त्याचंच. कुणाला सांगायचा नाही. एके दिवशी सरावाच्या मॅचला त्यानं माझ्याकडे येऊन सांगितलं, "सर, आज ह्याला लेफ्ट बॅकला टाका." आणि लेफ्ट बॅकला विंगवर उभं करून कानात सांगितलं, बॉल गेला की जागचा हलू नकोस.

सलग तिसऱ्यांदा दोघे अंगावर आले तेव्हा आमचा विंगर घसा ताणून ओरडला, "अरं मागं ये की लेका! मी एकटा काय करू?"

सगळे थांबले. कुणीतरी खुदकन हसलं. कॅप्टन काही बोलला नाही, त्यानं बॉल उचलून थ्रो-इनसाठी दिला.

लगेच चमत्कार झाला, असं नाही. पुढच्या मॅचमध्ये तो मध्यरेषेपर्यंत मागं आला, त्यापुढच्या मॅचमध्ये आणखी थोडा. नाडी मात्र घरूनच बांधून यायला लागला. सरावानंतर पोरं गंगावेशीतल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जमायची, तिथं आता हा लेफ्ट बॅकशेजारी बसायचा. माझ्या मते माणूस सुधारतो तो इथं. भाषणानं नाही सुधारत. आपल्यामुळे कुणाचे हाल होतात हे डोळ्यांनी दिसलं आणि त्या माणसाबरोबर रोज बसायचं असलं, की पाय हलायला लागतात.

एक गोष्ट मात्र वेगळी काढायला हवी. मधल्या फळीतल्या एका पोराला आम्ही सगळे कामचुकार म्हणत होतो. तो पहाटे चारला उठून पेपर टाकत होता आणि चहावर सरावाला येत होता. त्याला संस्कारांची गरज नव्हती, दोन उकडलेल्या अंड्यांची होती.

मग हंगामाच्या मध्यावर कमिटीनं बाहेरगावचा एक स्ट्रायकर पैसे मोजून आणला. आठवडाभर तो सरावाला फिरकला नाही. रविवारी जुन्या वैऱ्यांशी मॅच होती. मी त्याला बाकावर बसवायचं म्हणालो. पदाधिकारी म्हणाले, "एवढी मॅच जाऊ दे, मग काय करायचं ते करा." तो खेळला, एक गोलही केला, आम्ही जिंकलो. सोमवारी सकाळी आमचा विंगर उशिरा आला आणि कठड्यावर बसून नाडी बांधू लागला. मी काय बोलणार?

शिस्तीनं सगळेच सुधारत नाहीत, हे मोठ्या क्लबांतही दिसतं. 2011 मध्ये एफए यूथ कप जिंकणाऱ्या मँचेस्टर युनायटेडच्या पोरांत पॉल पोग्बा होता, जेसी लिंगार्ड होता आणि रॅव्हेल मॉरिसनही होता. फर्ग्युसनसारखा कडक मॅनेजर वर, तोच क्लब, तीच शिस्त. तरी 2012 च्या जानेवारीत क्लबनं मॉरिसनला वेस्ट हॅमला देऊन टाकलं. त्याची गुणवत्ता सगळ्यांना मान्य होती, तरी त्याच्यासाठी नियम वाकवत बसण्यापेक्षा सोडलेला बरा, असं क्लबला वाटलं असावं. आमच्या कमिटीला हे कधी जमलं नसतं.

वयाचाही भाग आहे. 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधव लहान वयातच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला. त्या वयात लागलेली सवय अंगात मुरते. सव्वीस वर्षांच्या, चार तालमी फिरून आलेल्या खेळाडूला टीम फार तर वळण लावते, तेही टीमला त्याची जितकी गरज आहे त्याहून त्याला टीमची गरज जास्त असेल तरच.

म्हणून तालमींच्या पदाधिकाऱ्यांना एकच विनंती. पुढच्या हंगामासाठी बाहेरचा खेळाडू नोंदवण्याआधी त्याची एक मॅच बघायला जा, आणि बॉल त्याच्या पायात नसताना त्याच्याकडे बघा. परत आल्यावर कमिटीत बसून आधी एवढं ठरवा, की हा सरावाला आला नाही तर वैऱ्यांशी मॅचच्या दिवशी त्याला बाकावर कोण बसवणार. ते नाव ठरत नसेल, तर ते पैसे आपल्या पेठेतल्या पोरांच्या बुटांवर आणि अंड्यांवर खर्च करा.